प्रीमियम लावताना बारीक मोजता, मग पैसे देताना मोघम का?

तंत्रज्ञान आलं की विमा सोपा होणार, क्लेम झटपट मिळणार, एजंटच्या मागं फिरायला नको, असं सगळीकडं ऐकायला मिळतं आणि त्यातलं बरंचसं खरं पण आहे. गाडीचा बंपर घासला तर मोबाईलवर चार फोटो काढून पाठवायचे, दोन दिवसात गॅरेजवाल्याला मंजुरी. पॉलिसी रिन्यू करायची तर ऑफिसात जायची गरज नाही. याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती सांगली जिल्ह्यात राहिलं की जास्त जाणवते, कारण आमच्याकडं एकाच जिल्ह्यात कृष्णेचा पूर पण आहे, जत-आटपाडीचा दुष्काळ पण आहे आणि मधे तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांवर ऐन फुलोऱ्यात कोसळणारा पाऊस पण आहे. तक्रार अशी की विमा कंपन्यांच्या हातात मोजायची जी नवी साधनं आली आहेत, सॅटेलाईट, हवामान केंद्रं, नकाशे, अल्गोरिदम, ती आपल्याकडनं पैसे घ्यायच्या बाजूला फार बारीक चालायला लागली आहेत आणि आपल्याला पैसे द्यायच्या बाजूला अजून तशीच मोघम आहेत. हे आपोआप झालेलं नाही, ही नियम करणाऱ्यांची निवड आहे, आणि बदलता येते.

आधी द्राक्षाचं घेऊ. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत बाग बघायला कुणी येत नाही. महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असतं, त्यानं जो पाऊस आणि जे तापमान नोंदवलं तेच खरं. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, किंवा तापमान ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं, की मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना पैसे. नाही झालं तर कुणालाच नाही. फक्त गारपिटीचा जादाचा विमा घेतला असेल तर ७२ तासाच्या आत कळवायचं आणि मग बागेत येऊन पाहणी होते. कल्पना म्हणून चांगली आहे, भांडण नाही, पंचनामा नाही, तलाठ्याची वाट बघणं नाही. राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पात अशी केंद्रं उभी राहिली, दोन हजारावर आहेत, साधारण मंडळाला एक.

आता मंडळ म्हणजे किती? दहा-पंधरा गावं, कुठं जास्तच. केंद्र एका गावात, शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या जागेत. आणि अवेळी पाऊस कसा पडतो हे ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको, ओढ्याच्या अलीकडं धो धो आणि पलीकडं धूळ उडतीय. माझी सासुरवाडी तासगाव तालुक्यात आहे, तिथं हा प्रकार दर एक-दोन हंगामाला कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत होतोच. पाव्हण्यांच्या बागेत फुलोऱ्यात पाऊस झाला, मण्यांची गळ झाली, राहिलेल्या घडांवर डाऊनी हा बुरशीचा रोग आला, औषधाचा खर्च दुप्पट, आणि फोन केल्यावर उत्तर काय तर अण्णा, तुमच्या मंडळात पाऊसच नाही. नाही म्हणजे केंद्रावर नाही. बरं या पाव्हण्यांनी बागेत स्वतःचं छोटं हवामान यंत्र बसवलंय, पाऊस, आर्द्रता, पान किती तास ओलं राहिलं, सगळं मोबाईलवर दिसतं. ते बघूनच ते फवारणी करतात, त्यावर लाखाचा निर्णय घेतात. त्या यंत्राचं रेकॉर्ड दाखवलं तर उत्तर एकच, हे योजनेत धरत नाहीत.

आणि पान ओलं राहण्याचा मुद्दा साधा नाहीये. डाऊनीला धो धो पाऊस लागतच नाही, चार दिवस ढगाळ हवा, दाट धुकं आणि पहाटेचं दव एवढं पुरतं. योजनेचा ट्रिगर, म्हणजे भरपाई सुरू व्हायची अट, मात्र मिलिमीटरात. म्हणजे रोग एका गोष्टीनं येतो आणि भरपाई दुसऱ्या गोष्टीची मोजून मिळते. पान ओलं राहिल्याचे तास मोजणारी यंत्रं शेतकऱ्याच्या बागेत आहेत, योजनेच्या नियमात नाहीत. यापेक्षा उघड उदाहरण मला सापडत नाही.

ही मंडळाची मोजणी आली कुठून हे पण बघायला हवं, कारण ती कुणी लबाडीनं आणलेली नाही. पीक विम्यात क्षेत्र हे एकक धरायचं ही मांडणी आपल्या देशात जोरात केली ती अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी, त्यांचा जन्म साताऱ्याचा. त्यांचं म्हणणं होतं की लाखो छोट्या शेतांवर जाऊन एकेकाचं नुकसान मोजणं अशक्य आहे, खर्च परवडणार नाही, आणि प्रत्येकाला वेगळं मोजलं तर ज्याला विमा मिळणार आहे तो पिकाकडं नीट लक्ष देणार नाही, म्हणून गावांच्या एका गटाचं सरासरी उत्पन्न बघा आणि सगळ्यांना एकच न्याय लावा. १९७९ ला या तत्त्वावर प्रायोगिक योजना आली, १९८५ ला देशभर. आणि पावसाच्या आकड्यावर विमा ही तर त्याहून जुनी गोष्ट, म्हैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० च्या सुमारास ती मांडली होती, तेव्हा कुठलं सॅटेलाईट. म्हणजे आज जे नवीन म्हणून विकलं जातंय त्याचं बीज शंभर वर्षांचं आहे.

दांडेकरांची मांडणी दुष्काळाला अगदी बरोबर बसते. दुष्काळ पडला तर आख्ख्या जतमध्ये पडतो, एका बांधाच्या या बाजूला ज्वारी आणि त्या बाजूला सुक्कं असं होत नाही. सरासरी काढली तरी जवळजवळ सगळ्यांचं खरं त्यात येतं. पण आता नुकसान करणारा धोका बदलला. ढगफुटीसारखा पाऊस, गारपीट, अवेळी वळीव, हे सगळं पट्ट्यापट्ट्यानं येतं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस लांबला आणि द्राक्षाचं जे झालं ते सगळ्यांना आठवतं, पण तेव्हा सुद्धा आगाप छाटणीवाला गेला आणि उशिरा छाटणी घेणारा काही प्रमाणात वाचला, एकाच गावात. सरासरीत असं नुकसान बुडून जातं. धोका तुकड्यातुकड्यानं यायला लागला आणि मोजणी अजून मंडळाची, ही खरी अडचण आहे. पूर्वी नाइलाज होता, साधनच नव्हतं. आता साधन आहे, तर नाइलाज म्हणता येत नाही.

कुणी म्हणेल की पीक कापणी प्रयोग आहेत की. आहेत. पण गावात ठराविक प्लॉट कापून, वजन करून जे निघतं ती पण सरासरीच. केंद्र सरकारनं २०२३ च्या खरिपापासून भात-गव्हाला सॅटेलाईटवरनं काढलेल्या उत्पन्नाला किमान ३० टक्के वजन द्यायचं ठरवलं, ते मला पटतं, कारण कापणी प्रयोगात कुठला प्लॉट निवडायचा इथनं घोळ सुरू व्हायचे. पण सॅटेलाईटला शेताचा तुकडा दिसत असताना निकाल परत मंडळाच्या सरासरीवरच द्यायचा, हे काय झालं?

महाराष्ट्रात तर उलटीच दिशा धरली. २०२३ ला एक रुपयात पीक विमा आला. गाजावाजा झाला, अर्जांचा पूर आला, आणि मग कळलं की सरकारी जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर, नसलेल्या पिकावर विमा उतरवलाय, लाखांनी अर्ज बोगस. यात कंपनीला नावं ठेवून चालणार नाही, ही आपल्याच माणसांनी, काही सेवा केंद्रवाल्यांनी आणि काही टोळ्यांनी केलेली करामत. तर २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली, शेतकऱ्याचा हप्ता परत खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला पाच टक्के. इथपर्यंत ठीक, फुकट वस्तूची किंमत राहत नाही. पण त्याच झटक्यात स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान हे सगळे ट्रिगर पण काढून टाकले आणि फक्त कापणी प्रयोगाच्या सरासरीवर भरपाई ठेवली. योजनेच्या ज्या भागात शेतकऱ्याचं स्वतःचं नुकसान बघितलं जायचं, ७२ तासात कळवून पंचनामा व्हायचा, तोच भाग गेला. आणि नेमकं त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्यानं जमिनी खरवडून नेल्या. ज्या हंगामात एकेका शेताचं नुकसान मोजायची सगळ्यात जास्त गरज होती त्याच हंगामात ती मोजणी योजनेत नव्हती. मग सरकारला हजारो कोटीचं पॅकेज जाहीर करावं लागलं. विम्यातनं काढलेला खर्च तिजोरीतनं आला, एवढंच.

बोगस अर्ज पकडायला काय वापरलं? सॅटेलाईट, ई-पीक पाहणी म्हणजे मोबाईलवरनं केलेली पिकाची नोंद, सातबाऱ्याशी जोडणी. म्हणजे शेतात खरंच सोयाबीन आहे का ऊस आहे हे आभाळातनं बघता येतं, अर्ज नाकारायला. तर मग त्याच शेतात पाणी आठ दिवस साचून होतं हे पण आभाळातनं बघता येतं, की पैसे द्यायला तेवढी नजर कमी पडते? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे.

उसाचं तर बोलायलाच नको. सांगली जिल्ह्यात पुराच्या पट्ट्यात, वाळवा, पलूस, मिरजेच्या नदीकाठाला उभं पीक कुठलं तर ऊस, आणि राज्यातल्या पीक विम्याच्या यादीत ऊस नाहीच. २०१९ ला ऊस दहा-बारा दिवस पाण्याखाली होता, शेंड्यात चिखल बसला, आतनं कुजला. विमा शून्य. जो धोका सगळ्यात मोठा तो यादीत नाही, हे कुठल्याही तंत्रज्ञानानं सुटत नाही.

आता शहरात या. मी व्यापाऱ्यांची हिशोबाची कामं बघतो, त्यामुळं पुराच्या क्लेमचे कागद बरेच हातातनं गेलेत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटाच्या वर गेलं. २००५ ला मोठा पूर, २०१९ ला त्याहून मोठा, २०२१ ला परत. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा दोन, निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षातनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षातनं एकदा येणारा. १६ वर्षात तीन मोठे पूर बघितलेल्या माणसाला ही वर्षं सांगून बघा, तो हसतोच.

पण कंपन्या हसत नाहीत, त्या हिशोब करतात. कंपनीला स्वतःचा पण विमा असतो, तिच्या मोठ्या नुकसानाचा भार पुढच्या कंपनीवर, तिचा जगातल्या बड्या कंपन्यांवर, त्यामुळं कुठंतरी लांब वादळ झालं तरी इथल्या हप्त्याला झळ लागते. आणि आता त्यांच्याकडं पुराचे नकाशे असे आहेत की रस्त्याच्या कुठल्या बाजूला पाणी किती चढेल हे जमिनीच्या उंचीवरनं काढता येतं. सांगली शहराचा ४१६४१६ हा पिनकोड. त्यात गावभाग, मारुती चौक पण येतो, जिथं पुराचं पाणी शिरतं, आणि जिथं पूर फक्त बातम्यांत बघितला अशा गल्ल्या पण येतात. आजवर सगळे साधारण एकाच मापात होते. उद्या माप पिनकोडवरनं घरनंबरावर आलं की गणपती पेठेतल्या दुकानदाराचा हप्ता वाढणार आणि पाणी न येणाऱ्या गल्लीतल्याचा कमी होणार. त्या गल्लीतला म्हणणार, बरोबरच आहे, मी का भरू? त्याचं पण चूक नाही.

पण विमा हा मुळात भिशीसारखा प्रकार आहे, सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याच्यावर वेळ आली त्यानं उचलायचं. ज्याच्यावर वेळ येणार हे आधीच कळलं आणि त्याला भिशीतनं काढलं किंवा त्याच्याकडनं सगळी रक्कम आधीच घेतली तर उरलं काय? जोखीम जितकी बारीक मोजाल तितकी ती वाटून घेणारी माणसं कमी होत जातात. पूर्ण बारीक मोजलं तर प्रत्येकजण स्वतःचंच नुकसान हप्त्यानं भरतोय, मग कंपनी कशाला पाहिजे? म्हणून हप्ता लावताना किती बारीक मोजायचं याला कुठंतरी मर्यादा लागते आणि ती मर्यादा बाजार घालणार नाही, ती विमा नियामकानं आणि सरकारनं घालायची असते. नदीकाठच्या पेठा काल-परवा झालेल्या नाहीत, जुना सगळा बाजार तिथंच आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीत खणलेली साठवणीची कोठारं, २००५ च्या पुरात गेली, तो धंदा वर्षानुवर्षं तिथं होता. लोकांनी मुद्दाम पाण्यात दुकान घातलं नाही. नव्यानं निळ्या रेषेत बांधकाम करणाऱ्याला जरूर महाग लावा, माझी हरकत नाही, खरंतर तो महाग हप्ताच त्याला शहाणा करेल, जे महापालिकेच्या नोटिशीला जमत नाही. जुन्या पेठेला वेगळा न्याय लागेल.

आणि इथं पण पैसे देताना मोजणी बघा कशी असते. दुकानदारानं बँकेकडनं कॅश क्रेडिट घेतलेलं असतं, बँक परस्पर विमा उतरवते, रक्कम कर्जाएवढी. दुकानात माल ४० लाखाचा, विमा २० लाखाचा. पुरात १० लाखाचा माल गेला. दुकानदाराला वाटतं २० लाखाचा विमा आहे म्हणजे १० लाख मिळणार. मिळतात साधारण पाच, कारण माल निम्माच विमित होता म्हणून भरपाई पण निम्मी. हा नियम जुना आहे आणि त्यात तर्क आहे, पण कागदावर सही घेताना हे कुणी सांगत नाही. २०२१ च्या एप्रिलपासून छोट्या धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही ठराविक पॉलिसी आली, ५ कोटीपर्यंतच्या मालमत्तेला, त्यात १५ टक्क्यापर्यंत विमा कमी पडला तर माफ आहे. चांगली सुधारणा. पण निम्म्यावर असलेल्याला १५ टक्क्यानं काय होणार? शिवाय पत्ता. गोडाऊनचा पत्ता पॉलिसीवर, माल दुकानात, पाणी दुकानात. संपलं. त्याआधीच्या फायर पॉलिसीत तर हप्ता वाचवायला पूर-वादळाचा भाग काढून टाकायची सोय होती, आणि आमच्याकडं हप्ता वाचवायची संधी कोण सोडतोय.

२०१९ ला सर्वेअर आला तेव्हा दुकानात गुडघाभर गाळ, वह्या लगदा झालेल्या, कॉम्प्युटर पाण्यात. माल किती होता याचा पुरावा काय? जीएसटीची रिटर्न पोर्टलवर होती म्हणून कित्येक जण वाचले, खरेदी-विक्री तिथनं निघाली, आणि ज्यानं हिशोबाचा बॅकअप बाहेर ठेवला होता त्याचं काम सगळ्यात आधी झालं. इथं तंत्रज्ञानानं विमाधारकाला खरी मदत केली, हे मान्य करायलाच पाहिजे. मग माझं म्हणणं असं की जर कंपनीला दुकानदाराची सगळी उलाढाल जीएसटीवरनं बघता येते तर वर्षाच्या सुरुवातीलाच तिनं सांगावं, बाबा तुझा माल सरासरी ४० लाखाचा असतो, विमा २० चा घेतलायस, वाढव नाहीतर निम्मे मिळतील. एक मेसेज पाठवायचा आहे. रिन्यूअलची आठवण करायला पंधरा मेसेज येतात, हा एक येत नाही.

गाडीचं थोडक्यात सांगतो. २०२२ पासून जितकी चालवाल तितका हप्ता, जशी चालवाल तसा हप्ता, अशी जोडकलमं घ्यायला नियामकानं परवानगी दिली. महिन्यातनं दोनदा मिरजेला जाणाऱ्यानं रोज पुणे-सांगली करणाऱ्याएवढा हप्ता का भरावा, हे रास्त आहे. पण पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी पाणी ओसरल्यावर चालू केली आणि इंजिनात पाणी जाऊन ते जाम झालं, तर इंजिनचा जादा विमा नसेल तर कंपनी नाही म्हणते, कारण ते नुकसान पुरानं नाही, चालू केल्यानं झालं. गाडीत बसवलेलं यंत्र ब्रेक किती जोरात मारला हे सांगतं. मग नदी वाढली की त्या भागातल्या गाडीवाल्यांना गाडी हलवा आणि बुडाली तर चावी फिरवू नका, हे का सांगत नाही? कंपनीचेच पैसे वाचतील.

आता हे सगळं सुधारूच शकत नाही असं कुणी म्हणत असेल तर आरोग्य विम्याकडं बघावं. मिरजेला दवाखान्यांची काही कमी नाही, आणि डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेसची मंजुरी यायची वाट बघत बाकड्यावर बसलेली माणसं पण मिरजेनं खूप बघितलीत. २०२४ ला नियामकानं सांगितलं, कॅशलेसचा निर्णय एका तासात, डिस्चार्जचा तीन तासात, आणि क्लेम नाकारायचा असेल तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय नाकारता येणार नाही. सगळीकडं पाळलं जातं असं मी म्हणत नाही, तीन तासाचे सहा तास होतातच. पण तत्त्व बघा. हो म्हणायला मशीन चालेल, नाही म्हणायला माणसं पाहिजेत आणि कारण लेखी पाहिजे. न पटलं तर पुण्यात विमा लोकपालाचं ऑफिस आहे, ५० लाखापर्यंतच्या वादाला, फी नाही, वकील नाही. आमच्याकडच्या कितीतरी लोकांना हे माहीतच नाही, ते थेट नशिबाला दोष देऊन मोकळे होतात.

हेच तत्त्व द्राक्षाला का नाही? केंद्रानं पाऊस नोंदवला तर मंडळाला पैसे द्या, मशीननं हो म्हणू दे. पण मशीननं नाही म्हटलं आणि शेतकरी म्हणतोय माझ्याकडं पडला, तर कुणीतरी ऐकायला पाहिजे, बघायला पाहिजे, आणि नाही म्हणायचं तर सहीनिशी म्हणायला पाहिजे. आज तिथं कुणीच नाही. कृषी सहायक म्हणतो माझ्या हातात नाही, कंपनीचा तालुका प्रतिनिधी म्हणतो डेटा वरनं येतो, आणि वरचा माणूस कोण हे देवाला ठाऊक.

यावर कंपनीवाल्यांचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. शेतकऱ्याच्या स्वतःच्या यंत्राचं रेकॉर्ड धरायला लागलो तर पर्जन्यमापकात तांब्याभर पाणी ओतलं की झाला पाऊस. होणार, शंभर टक्के होणार, एक रुपयाच्या योजनेत जे झालं ते बघून मी कुणाची गॅरंटी घेणार नाही. पण हेच तर तंत्रज्ञानाचं काम आहे ना? एका मंडळात वीस बागायतदारांची यंत्रं असली आणि त्यातल्या एकाच यंत्रात दुपारी दोनला पाच मिनिटात ४० मिलिमीटर पडला, शेजारच्या चारात टिपूस नाही, आर्द्रता हलली नाही, तापमान उतरलं नाही, तर तो तांब्या आहे हे शेंबडं पोरगं पण सांगेल, कॉम्प्युटरला तर सेकंद लागणार नाही. उलट चार शेजारच्या यंत्रात पाऊस आहे, सगळीकडं तापमान उतरलंय, आणि फक्त सरकारी केंद्र कोरडं आहे, तर केंद्र लांब आहे किंवा बिघडलंय. झाडाखाली उभं आहे का, जाळ्या लागल्यात का, जाऊन बघा. चोर पकडायला जी युक्ती चालते तीच खऱ्या माणसाला वाचवायला चालते, फक्त तसं ठरवायला पाहिजे.

केंद्र सरकारचा विंड्स नावाचा प्रकल्प आहे, त्यात हवामान केंद्रं तालुक्याला आणि पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचे आहेत. चांगलं आहे, पण नुसती यंत्रं वाढवून भागणार नाही. आज हवामान केंद्राची नोंद शेतकऱ्याच्या हातात त्याच दिवशी आपोआप येत नाही, हंगाम संपल्यावर भरपाईची यादी लागली की मग त्यातनं उलटं कळतं की बाबा त्या दिवशी आपल्याकडं पाऊस नव्हता. तोपर्यंत बाग उतरलेली, बेदाणा शेडवर गेलेला, भांडणार कशावर? काल रात्री केंद्रानं किती नोंदवला हे सकाळी गावातल्या प्रत्येक विमाधारकाच्या मोबाईलवर यायला पाहिजे, म्हणजे चूक असेल तर तो त्याच दिवशी, ओल वाळायच्या आत ओरडू शकेल. हप्ता भरला की मिनिटात मेसेज येतो, मग पावसाचा का नाही?

आणि आपल्या बाजूनं पण एक गोष्ट. बागायतदारांची यंत्रं आज सुटी सुटी आहेत, ज्याचं त्याच्या मोबाईलात. ती गावपातळीवर एकत्र नोंदवली, संघानं किंवा एखाद्या सोसायटीनं ती सांभाळली, वर्षातनं एकदा कृषी महाविद्यालयाकडनं तपासून घेतली, तर त्या आकड्यांना वजन येईल. विहिरीच्या पाळीवरनं भावाभावात भांडणारे आपण, हे जमेल का माहीत नाही. पण भडंग खात कट्ट्यावर कंपनीला शिव्या घालण्यापेक्षा बरं.

फळपीक योजनेत कुठल्या जिल्ह्याला कुठली कंपनी हे टेंडरनं ठरतं आणि एकदा ठरलं की दोन-तीन वर्षं तेच चालतं. केंद्राची नोंद रोजच्या रोज विमाधारकाला, तपासलेल्या खासगी यंत्रांची नोंद पडताळणीला धरायची, पान ओलं राहिल्याचे तास द्राक्षाच्या ट्रिगरमध्ये घ्यायचे, आणि क्लेम नाकारला तर कारण लेखी आणि माणसाच्या सहीनं, या चार अटी टेंडर निघायच्या आधी त्यात घालून घ्याव्या लागतील. आमदार, खासदार, बागायतदारांच्या संघटना यांनी जोर लावायचा तो तेव्हा. टेंडर झाल्यावर कलेक्टर ऑफिससमोर कितीही दिवस बसलं तरी कंपनी करारातलं कलम पुढं करते, आणि करारात ते नसतंच.